एकोणीस पानांचा खुलासा

संगणकाचा पडदा काळा पडला तो रविवारी सकाळी, अकराला दहा मिनिटं कमी असताना. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण हेडक्लार्कांनी ती लिहून ठेवली होती. तीस वर्षं ते आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख आणि वेळ टाकत आले होते. आपत्ती तरी काय, आलेलीच गोष्ट. तिच्यावरही त्यांनी वेळ टाकली, खाली सही केली, आणि मग घाम पुसला.

आता एवढ्या हुशार माणसाच्या हातून हे झालं कसं? तर झालं असं, की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आला. ‘आपल्या यंत्रासाठी फर्मवेअर अपडेट उपलब्ध आहे. आता करायचे की नंतर?’ हेडक्लार्कांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेखी विचारणा आली की लेखी उत्तर द्यायचं हे अंगात मुरलेलं. तरी सावध माणूस. त्यांनी मेव्हण्याला फोन लावला, कारण ही पेटी त्यानेच निवडली होती, त्यानेच जोडली होती आणि घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंवर त्याचा तसा वंशपरंपरागत हक्क होता.

“दाजी, फर्मवेअर म्हणजे मोठ्या मेंदूच्या आतला छोटा मेंदू,” मेव्हणा म्हणाला. “पेटी चालू झाली की आधी तो जागा होतो, मग बाकीच्यांना उठवतो. त्याला जरा नवं शिकवायचंय, बाकी काही नाही. करा बिनधास्त.”

मेव्हण्याच्या ‘बिनधास्त’वर विसंबून त्या घरात आजवर तीन गोष्टी झाल्या होत्या. न्हाणीघरातला हीटर भिंतीतून उपटून आला होता, पंखा उलटा फिरत होता, आणि दाराची घंटा वाजली की शेजारचं दार उघडायचं. एवढं होऊनही हेडक्लार्कांनी ‘आता’वर बोट ठेवलं. माणसाची वेळ भरली की बुद्धी अशीच चालते.

यंत्राने बजावलं, वीज बंद करू नका. हेडक्लार्क उठून बटणापाशी उभेच राहिले, हाताचा आडोसा करून. बायकोला इस्त्री लावू दिली नाही, मिक्सर फिरवू दिला नाही. “अहो, मग मी काय श्वास तरी घेऊ का?” असं तिने विचारलं, त्यावर त्यांनी “बेताने घे” असं उत्तर दिलं. शून्याचे शंभर टक्के झाले. पेटी आपोआप बंद झाली, आपोआप चालू झाली, पंखा घरघरला, दिवा लागला, आतून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या. आणि पडदा काळाठिक्कर. हेडक्लार्कांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं, तेही उघडं.

नुसती पेटी बंद पडली म्हणून कोणी अन्नपाणी सोडत नाही. पेटीत खुलासा होता. एकोणीस पानांचा.

त्याचं असं झालं. हेडक्लार्क इमारत देखभाल कार्यालयात नोकरीला. सात महिन्यांपूर्वी तिथे कोणा पादचाऱ्याचं पत्र आलं, की तुमच्याच कार्यालयाच्या वाहनतळाची भिंत फुगली आहे, एक दिवस कोसळेल. आवक-जावकीचं काम बघणारा कनिष्ठ लिपिक ते पत्र घेऊन टेबलापाशी आला. “साहेब, हे तातडीचं दिसतंय.” हेडक्लार्कांचा डबा उघडलेला, तोंडात घास. त्यांनी मान न उचलता सांगितलं, “ठेव बाजूला.” लिपिकाने ठेवलं. बाजूला ठेवलेल्या कागदाचं पुढे काय होतं हे ज्याने कचेरीत दिवस काढलेत त्याला सांगायला नको. भिंतीला मात्र हे कोणी कळवलं नाही. ती पडली, आणि पडली ती नेमकी संचालकसाहेबांच्या गाडीवर. आत कोणी नव्हतं. एखादा माणूस सापडला असता तर समिती नेमली असती, समितीला मुदतवाढ मिळाली असती, आणि तोवर हेडक्लार्क निवृत्त होऊन घरी झोपाळ्यावर बसले असते. गाडी सापडली, म्हणून नोटीस तिसऱ्या दिवशी हातात पडली.

‘आपला खुलासा टंकलिखित स्वरूपात, नियमानुसार आवश्यक तितक्या प्रतींत, गुरुवार सायंकाळी पाच वाजेपर्यंत सादर करावा. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.’

म्हणणे नाही! निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. त्याआधी अधीक्षकाची खुर्ची रिकामी होणार होती, आणि तिच्यावर डोळा ठेवून हेडक्लार्कांनी अकरा वर्षं तीन साहेबांचे स्वभाव सोसले होते. खुलासा पटला नाही तर खुर्ची गेली, वर सेवापुस्तकात लाल शेरा. म्हणणं होतं, भरपूर होतं. एकोणीस पानांत त्यांनी नियम लिहिले, पोटनियम लिहिले, तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेचा आढावा घेतला. पण पाणी काढून टाकलं तर खाली एकच वाक्य उरत होतं, की सदर पत्र कनिष्ठ लिपिकाने आम्हांस न दाखवता परस्पर बाजूला ठेवले.

हे खोटं आहे हे हेडक्लार्कांना माहीत होतं. पण एकोणीस पानं म्हणजे पुष्कळ झाली. चौथ्या पानापर्यंत त्यांना कसंनुसं वाटत होतं, आठव्या पानावर सवय झाली, आणि बाराव्या पानाला त्यांना त्या लिपिकाचा खराखुरा राग यायला लागला. अरे, पत्र तातडीचं होतं तर माझ्या घशात हात घालून सांगायचंस की!

आणि एवढं सगळं त्यांनी एका बोटाने टंकलं होतं. कारण गेली अठरा वर्षं हेडक्लार्कांनी सांगायचं आणि त्या लिपिकाने टंकायचं, अशी रीत. नेमका हाच मजकूर त्याला सांगता येण्यासारखा नव्हता. कचेरीतला संगणकही त्याच्याच टेबलावर. म्हणून घरी, रोज संध्याकाळी, एका बोटाने, अकरा दिवस. अक्षर दिसेना म्हणून त्यांनी ते इतकं मोठं करून घेतलं होतं, की बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली होती, “वाचू का इथून?” तेव्हा त्यांनी पडद्यावर टॉवेल टाकला होता. कचेरीत शिपायाच्या रजेचा अर्जसुद्धा तीन प्रतींत घेणाऱ्या या गृहस्थांनी घरच्या खुलाशाची दुसरी प्रत कुठे म्हणून कुठे ठेवलेली नव्हती.

रविवारी दुपारी मेव्हणा स्वतः आला. पेटी उघडून त्याने आत डोकावून बघितलं, दोनदा “हं” म्हणाला आणि स्मरणशक्तीची पट्टी उपसून काढली. “हिच्या दातांवर मळ बसतो. पेन्सिलीच्या खोडरबराने घासायची.” एकावन्न वर्षांच्या आणि छप्पन्न वर्षांच्या माणसांच्या त्या घरात खोडरबर कुठून येणार? बायको खालच्या दुकानातून घेऊन आली. त्याला अत्तराचा वास होता. मेव्हण्याने पट्टी घासली, बसवली, पेटी चालू केली. एक लांब, दोन आखूड. पडदा काळा, पण खोलीला गुलाबाचा घमघमाट.

मग त्याने गोल बॅटरी काढली. “दहा मिनिटं बाहेर ठेवायची. छोटा मेंदू सगळं विसरतो.”

“अरे, माझा खुलासा विसरला म्हणजे?”

“छे हो दाजी, तो मोठ्या मेंदूत आहे. हा फक्त तारीख-वार विसरतो. बिनधास्त.”

दहा मिनिटांनी बॅटरी बसवली. एक लांब, दोन आखूड. मेव्हण्याने घड्याळ बघितलं, कुठेतरी लग्नाच्या बोलणीला जायचंय असं सांगितलं, आणि पेटीचे चार स्क्रू हेडक्लार्कांच्या तळहातावर ठेवून तो निघून गेला. हा माणूस आपल्या बायकोचा सख्खा भाऊ आहे, हे हेडक्लार्कांनी त्या संध्याकाळी तिला तीन वेळा ऐकवलं, जणू तिनेच त्याला जन्माला घातलं होतं.

सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे तारमास्तर खाली आले. हे जुन्या तारखात्यातले. कडकट्ट ऐकून मजकूर लिहायचा, यात त्यांचा उमेदीचा काळ गेला. पुढे खातंच बंद झालं. तेव्हापासून त्यांना कोणी काही कळवलेलं नव्हतं. घरातली माणसंसुद्धा जेवायला बोलवायची तर नातवाला पाठवून खांदा हलवायची, कारण कान गेले असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पण शिट्टी मजल्याच्या फरशीतून बरोबर पोचली होती.

“एक लांब, दोन आखूड,” मास्तर दारातच म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की हेडक्लार्कांना त्याचाच राग आला. “डी! अक्षर डी येतंय. काल सकाळपासून अकरा वेळा आलं. पुढचं अक्षर का येत नाही? लाइन तुटतेय का?”

“मास्तर, ती तार नाहीये. पेटी बिघडलीय.”

“बिघडलेलं कोणी इतकं स्वच्छ ठोकत नाही. हात चांगला आहे याचा.” ते खुर्ची ओढून पेटीजवळ बसले. “पुन्हा चालू करा बघू.”

हेडक्लार्कांनी चालू केली. डी. पुन्हा केली. पुन्हा डी. मास्तरांनी खिशातून कागद काढून दोन्ही डी लिहून घेतले. मग डी म्हणजे काय यावर त्यांनी अर्धा तास बोलून दाखवलं. डी म्हणजे डेंजर असेल. डी म्हणजे डिले असेल. डी म्हणजे ‘डिलिव्हर्ड’ असेल, म्हणजे निरोप पोचला, काळजी नसावी. “डी म्हणजे डिस्प्लेसुद्धा असेल हो,” बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली. तिच्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. बाईमाणसाने बरोबर सांगितलं की पुरुषांच्या कानाचं असं होतं. पेटीच्या कंपनीच्या छापील पुस्तकात सहासष्टाव्या पानावर नेमकं तेच लिहिलेलं होतं. पण ते पुस्तक मेव्हण्याने पंख्याच्या उंचीला स्टूल कमी पडतं म्हणून त्याखाली घातलं होतं, आणि तो पंखा आजही उलटाच फिरतो.

कचेरीत रजा टाकून हेडक्लार्कांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं वाद्यसंगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. आवाज इतका गोड, की तक्रार करायचीच लाज वाटावी.

“सर, स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचून दाखवाल का?”

“स्क्रीनवर काही दिसत नाही.”

“ओके सर. ‘काही दिसत नाही’ असं लिहिलंय, की ‘काही सापडत नाही’ असं?”

“अहो बाई, लिहिलेलंच नाहीये काही! काळं आहे!”

“समजलं सर. म्हणजे स्क्रीनची तक्रार आहे. मी आपल्याला पडदा विभागाकडे वर्ग करते.”

पडदा विभागातल्या गृहस्थांनी पडदा दुसऱ्या पेटीला जोडून बघायला सांगितलं. तारमास्तरांच्या नातवाची पेटी होती. हेडक्लार्क पडदा कडेवर घेऊन जिना चढले, जोडला, तो लख्ख लागला. “मग पडदा निर्दोष आहे,” गृहस्थ म्हणाले, “पेटी विभागाशी बोला.” पेटी विभागाने विचारलं, पंखा फिरतो का, दिवा लागतो का? फिरतो, लागतो. मग पेटी चालू आहे, सर. चालू पेटीची तक्रार आमच्याकडे घेत नाहीत. अनुक्रमांक सांगता का? अनुक्रमांक ‘सेटिंग्ज’मध्ये शेवटच्या पानावर दिसेल. कुठे दिसेल? स्क्रीनवर, सर.

इथे हेडक्लार्कांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. चीड तर आलीच होती, पण पोटात कुठेतरी आदरही वाटला. काम न करता एवढं सुबक, एवढं नियमाला धरून, एकही शब्द उणाअधिक न बोलता माणसाला जिन्यावरून खालीवर करायचं, ही कला तेही तीस वर्षं करत आले होते. पण समोरच्या बाजूने ती कशी लागते हे आज पहिल्यांदा कळत होतं, आणि फार लागत होती.

शेवटी तक्रार नोंदली गेली. तिची पावती ईमेलवर आली. ती बारा तासांच्या आत उघडून ‘होय’ म्हणायचं होतं, नाहीतर तक्रार मिटली असं समजण्यात येणार होतं. ईमेल त्याच पेटीत उघडत होतं. मंगळवारी सकाळी फोनवर निरोप आला, ‘आपली समस्या सोडवण्याची संधी दिल्याबद्दल आभारी आहोत. आम्हांला पाचपैकी किती तारे द्याल?’

मंगळवारी हेडक्लार्क कचेरीत गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सगळ्यांनी विचारलं, सगळ्यांना त्यांनी मोघम सांगितलं, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, “एवढंच ना? आवकला घेऊन जा की घरी!” आवक म्हणजे तोच, कनिष्ठ लिपिक. कचेरीतली पेटी वर्षातून चार वेळा आजारी पडायची आणि हा पठ्ठ्या दुपारच्या सुट्टीत तिला उघडून, फुंकर घालून पुन्हा उभी करायचा. ते त्याचं काम नव्हतं, त्याबद्दल त्याला कोणी शाबासकीही दिलेली नव्हती.

तो स्वतःही टेबलापाशी आला. “साहेब, घरची पेटी बसली म्हणे. संध्याकाळी येऊ का?”

“नको, नको,” हेडक्लार्क इतक्या घाईने म्हणाले की हातातली टाचणी बोटात गेली. “मेव्हणा बघतोय माझा.”

“बरं. खुलाशाचं काही टंकायचं असेल तर सांगा, साहेब. जेवणाच्या सुट्टीत करून टाकू.”

हेडक्लार्कांनी बोट तोंडात घातलं, त्यामुळे काही बोलावं लागलं नाही.

बुधवार उजाडला. हाताने लिहून द्यावा तर नोटिशीत टंकलिखित म्हटलेलं. बाहेर कुठे टंकून घ्यावा तर एकोणीस पानांतलं अडीच पानांपलीकडे त्यांना आठवेना. खरं असतं तर आठवलं असतं. सकाळी त्यांनी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे पेटी नेली. त्याने नुसतं वरून बघून सांगितलं, “आठ दिवस लागतील, आणि आतला मजकूर राहीलच असं नाही.” पेटी पुन्हा कडेवर घेऊन ते परत आले. वाटेत ओळखीचा एक विमा एजंट भेटला. त्याने पेटी उन्हात ठेवायला सांगितली, त्याच्या साडूची तशी बरी झाली होती. हेडक्लार्कांनी दुपारी ती खरोखरच गॅलरीत उन्हात ठेवली. हे त्यांच्या हातून झालं हे त्यांनी पुढे कधीही कबूल केलं नाही.

ती गॅलरीतली पेटी बघून बायकोचा धीर सुटला.

“अहो, तुमच्या ऑफिसातल्या त्या लिपिकाला सगळं येतं म्हणतात ना? त्याला का नाही बोलवत? उद्या पाच वाजता काय करणार आहात?”

“उगीच कशाला त्याला त्रास.”

“त्रास? गेल्या वर्षी तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून होता तो. तेव्हा नाही त्रास दिसला? तुमचा मान आड येतोय, दुसरं काही नाही. हाताखालच्या माणसाची मदत घ्यायची म्हणजे नाक खाली येतं.”

मानाचं असतं तर किती बरं झालं असतं! पण खरं कारण सांगायचं कसं? एकोणीस पानांत काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. हेडक्लार्क उठून आंघोळीला गेले, भर दुपारी. बाहेर आले तेव्हा बायको फोन खाली ठेवत होती. “साडेपाचला येतायत. किती आनंदाने हो म्हणाले बिचारे.”

साडेपाचला घंटा वाजली, शेजारच्यांनी दार उघडलं आणि लिपिकाला इकडे पाठवून दिलं. खांद्यावरच्या पिशवीत त्याने स्क्रूड्रायव्हर, ब्रश, एक जास्तीची तार आणलेली. बुटांची जोडी दाराशी नीट लावून तो आत आला. तारमास्तर आधीच खुर्ची पकडून बसले होते.

हेडक्लार्कांनी शेवटचा प्रयत्न केला. “अरे, राहू दे रे. गेलेलीच आहे ती. मी देतो उद्या मुदतवाढीचा अर्ज.”

“साहेब, मुदतवाढ संचालकसाहेब देतात. गाडी त्यांचीच आहे.” असं म्हणून त्याने बटण दाबलं.

एक लांब, दोन आखूड.

“डी,” मास्तर म्हणाले. “परवापासून सांगतोय.”

“बरोबर,” लिपिक म्हणाला. “पडद्याचं कार्ड सापडत नाही म्हणून ओरडतेय ती. तुम्ही परवापासून ओळखलंत की मास्तर, कोणी ऐकलं नाही का तुमचं?” मास्तरांचे डोळे भरून आले. बायको स्वयंपाकघरातून “मीही तेच म्हणत होते” असं म्हणाली, तेही कोणी ऐकलं नाही.

लिपिकाने मागचं झाकण काढलं. “हे बघा साहेब. तुमच्या मेव्हण्यांनी हे वेगळं कार्ड घातलंय, जुनं आहे. अपडेट झाल्यावर पेटी त्याला ओळखेनाशी झालीय. तिला स्वतःचा पडद्याचा जोड आहे वर, तो रिकामाच पडलाय. कार्ड काढायचं, तार वरच्या भोकात घालायची. बास, झालं.”

म्हणजे चार दिवस सगळा खेळ चार बोटं वरच्या भोकाचा होता. एरवी हेडक्लार्कांनी यावर मेव्हण्याचा उद्धार केला असता. पण आता त्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली होती. पेटीला परवलीचा शब्द नव्हता. रोज कुठे टाकत बसता म्हणून मेव्हण्याने काढून टाकला होता. आणि बंद होताना जे उघडं होतं ते पेटी चालू होताच आपणहून उघडते, ही सोयसुद्धा त्यानेच करून दिली होती. चार दिवस ज्या उजेडासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, तो आता येऊ नये म्हणून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

“थांब!” ते म्हणाले. “आधी चहा घे. तिकडे आत बस, निवांत. मी लावतो तार.”

“अहो साहेब, एक सेकंदाचं काम,” असं म्हणत लिपिकाने कार्ड उपसलं, तार वर घातली आणि बटण दाबलं.

या वेळी एकच आखूड शिट्टी आली. “ई,” मास्तर म्हणाले, आणि पडदा उजळला. आधी कंपनीचं चिन्ह, मग निळं आकाश, मग पांढरं पान. पानावर अक्षरं बोटाएवढी. ‘...यावरून स्पष्ट होते की, सदर कनिष्ट लिपिकाने हलगर्जीपणाने व हेतुपुरस्सर पत्र परस्पर बाजूला ठेवले. सदर कनिष्ट लिपिकाची ही जुनीच खोड असून...’

टॉवेल खुर्चीच्या पाठीवरच होता. हेडक्लार्कांचा हात तिथवर गेला आणि तिथेच राहिला, कारण आता झाकणं हे उघडं ठेवण्यापेक्षा वाईट दिसलं असतं. लिपिक वाचत होता. अठरा वर्षं साहेबांचा मजकूर वाचायची सवय, त्यामुळे त्याला वेळ लागला नाही. तरी त्याने पान पुन्हा वर नेऊन पहिल्यापासून वाचलं. मास्तरांना लांबचं दिसत नव्हतं, ते “काय निरोप आहे?” असं विचारत राहिले. त्यांना कोणी सांगितलं नाही.

हेडक्लार्कांना लाज वाटली. इतकी वाटली, की कान गरम झाले. आत्ता म्हणावं, चुकलो. म्हणावं, हे सगळं पुसून टाक, घास तोंडात होता म्हणून ‘ठेव बाजूला’ मीच म्हणालो होतो, तसं लिही, मी सांगतो तसं टंक, नेहमीसारखं. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. मग अधीक्षकाची खुर्ची आठवली, लाल शेरा आठवला, आणि ते वाक्य त्यांनी गिळलं.

“साहेब,” लिपिक म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. “पेटीची तारीख सोळा वर्षं मागे गेलीय, बॅटरी काढली होती ना. ती आधी बदलतो. नाहीतर खुलाशावर भिंत बांधायच्या आधीची तारीख पडेल.”

त्याने तारीख बदलली.

“आणि कनिष्ठला ठ येतो, साहेब. तुम्ही सगळीकडे ट लिहिलाय. असा गेला तर वरती हसतील. बदलू का?”

हेडक्लार्कांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांना स्वतःला कळलं नाही. लिपिकाने दहा बोटांनी दोन शब्द टंकले आणि एक कळ दाबली. पडद्याच्या मध्यभागी चौकोन आला, ‘चौतीस ठिकाणी बदल करण्यात आला.’ तो आकडा दोघांनीही बघितला. लिपिकाने चौकोन मिटवला.

“छापू?”

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. “अगबाई, लागला की! भाऊजी, देवासारखे धावून आलात हो. यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता त्या कागदांपायी.”

“छापू का, साहेब?” त्याने पुन्हा विचारलं. आता तो पडद्याकडे बघत नव्हता, हेडक्लार्कांकडे बघत होता, आणि वाट बघत होता.

“छाप,” हेडक्लार्क म्हणाले. “तीन प्रती.”

“चार लागतील, साहेब. ज्याच्यावर ठपका ठेवलाय त्याला एक प्रत द्यावी लागते. तुम्हीच शिकवलंत मला.”

छपाईयंत्राने कुरकुरत शहात्तर कागद ओकले. लिपिकाने पानं जुळवली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, चारही गठ्ठ्यांना टाचण्या मारल्या. तीन गठ्ठे हेडक्लार्कांच्या पुढे ठेवले, चौथा घडी करून स्वतःच्या पिशवीत घातला. चहा त्याने घेतला नाही. बायको “अहो भाऊजी, घोटभर तरी” म्हणत राहिली, तेव्हा तो म्हणाला, “नको वहिनी, घरी वाट बघतात.”

मग तो थबकला. पिशवीतून पेन काढून त्याने वरच्या गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, कचेरीतल्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘एक प्रत मिळाली.’ त्याखाली तारीख, वेळ, सही. आणि सहीखाली हुद्दा, कनिष्ठ लिपिक. ठ चांगला गोल, गाठ पूर्ण बंद केलेला.